ॲपमध्ये प्लॉट पांढरा दिसतोय? आधी तारीख बघा

पाऊस लागला की फोन सुरू होतात, दादा ॲपमध्ये माझं रान पांढरं दिसतंय, पीक गेलं का काय. पीक कुठं जात नाही हो, आभाळ आडवं आलंय. पीक दाखवणारी बरीचशी ॲपं सेंटिनेल-२ या उपग्रहाचे फोटो वापरतात, तो आपल्यावरनं साधारण दर ५ दिवसांनी सकाळी ११ च्या आसपास जातो आणि त्याला ढगाखालचं काही दिसत नाही, दुपारी कडक ऊन पडलं तरी काय उपयोग. शिराळा, पाटणकडं तर जुलैत महिना महिना धड फोटो मिळत नाही, जत-आटपाडीला त्यामानानं बरं.

पांढऱ्याची भीती नाही, मला भीती वाटते ती हिरव्या रेघेची. गेल्या वर्षी माझं ३० गुंठे सोयाबीन, ॲपमधला पिकाच्या हिरवेपणाचा ग्राफ झकास वर चाललेला, मीपण निवांत. वापसा आल्यावर आत गेलो तर खालच्या कोपऱ्यात पाणी साचून ४-५ गुंठे पिवळं पडलेलं. मग ग्राफवर बोट ठेवून बघितलं, ठिपका, म्हणजे खरा फोटो, जूनअखेरचा आणि त्यानंतरचा थेट ऑगस्टमधला, मधली रेघ ॲपनं आपल्या मनानं ओढलेली! तेव्हा रेघेवर विश्वास ठेवू नका, ठिपके मोजा, आणि दोन ठिपक्यांत १५ दिवसांच्या वर अंतर असलं तर सरळ रानात जा, पाणी तुंबलं असलं तर चर काढा.

दुसरी गोष्ट सावलीची. त्या वेळेला ऊन पूर्वेकडनं असतं म्हणून ढगाची सावली त्याच्या पश्चिमेला पडते आणि तिथलं पीक नकाशात उगाच खराब दिसतं. विरळ ढगाचंही तसंच, ॲपला तो ओळखूच येत नाही कधीकधी. मी काय करतो, बांधापलीकडचा ऊस आणि ओढ्याकाठची झाडं बघतो, त्या तारखेला तीपण पिवळी दिसली तर दोष आभाळाचा, आपल्या पिकाचा नाही. नुसता नकाशा बघून युरियाचं पोतं फोडू नका.

आणि एक, या फोटोतला एक चौकोन १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. १० गुंठ्यांच्या तुकड्यात कडेच्या चौकोनांत बांध, गवत, शेजाऱ्याचा ऊस सगळं मिसळतं, तिथं मधल्या दोन-चार चौकोनांवरच भरवसा ठेवा.

ढगातनं बघणारा रडारचा उपग्रहपण आहे, सेंटिनेल-१. पुराचं पाणी कुठवर आलंय ते त्यात चांगलं कळतं, पण पानाचा हिरवेपणा त्याला दिसत नाही, त्यामुळं पिवळं पडलेलं सोयाबीन शोधायला गमबूट घालूनच जावं लागतं.