तत्त्वज्ञान शिकायचंय? आधी स्वतःचा एक प्रश्न पकडा

तत्त्वज्ञान वाचायला कुठून सुरुवात करू असं विचारलं की लोक सॉक्रेटिस, प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटल, देकार्त, कांट अशी यादी हातात देतात आणि माणूस तिसऱ्या नावाला पुस्तक मिटून ठेवतो. कॉलेजात माझंही तेच झालं. नंतर घरात एक गोष्ट घडली आणि मग कळलं की सुरुवात नावांपासून करायचीच नाही, ज्यानं आपली झोप उडवलीय अशा एखाद्या प्रश्नापासून करायची. म्हणून पहिलं काम हेच, तो प्रश्न शोधा.

माझा सांगते म्हणजे पद्धत लक्षात येईल. आबांना, म्हणजे आजोबांना, कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी बाबांना आणि काकांना बाजूला घेऊन सांगितलं, आणि घरात ठरलं की आबांना कळू द्यायचं नाही, अल्सर आहे म्हणायचं. रात्री त्यांच्या खोलीत मी झोपायचे. एकदा लाईट बंद केल्यावर त्यांनी विचारलं, "काय गं, रिपोर्ट काय आला?" मी म्हणाले, "अल्सर आहे आबा, औषधानं जाईल." ते काहीच बोलले नाहीत, नुसतं कूस बदलल्याचा आवाज आला.

मी केलं ते बरोबर होतं का? हा माझा प्रश्न. तुमचा जो असेल तो वहीत लिहा. मोबाईलवर पण चालेल, पण वहीत खाडाखोड राहते आणि ती राहायलाच हवी, कारण आपलं मत कुठे बदललं ते नंतर बघता येतं.

आता शाखा. शाखा म्हणजे वेगवेगळ्या जातीचे प्रश्न, एवढं धरून चला. एकाच प्रसंगातून जवळजवळ सगळ्या निघतात.

"बरोबर होतं का" हा नीतिशास्त्राचा प्रश्न. इमॅन्युएल कांटनं 1797 साली एक छोटा निबंध लिहिला, त्यात तो म्हणतो की खुनी माणूस दारात येऊन तुमच्या मित्राबद्दल विचारत असला तरी खोटं बोलू नये. आणि आपल्याकडे महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो ती बरोबर याच्या उलटी आहे. कौशिक कायम खरं बोलायचं व्रत घेतलेला तपस्वी, दरोडेखोर माणसांचा पाठलाग करत आले आणि यानं ती कुठे लपलीत ते खरं सांगून टाकलं, माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. ही दोन्ही शेजारी ठेवून वाचली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की अरे, हे लोक माझ्याच प्रश्नावर भांडतायत! लगेच "मी कौशिकाच्या गोष्टीच्या बाजूनं" असं म्हणून मी मोकळी झाले होते. पण दोन दिवसांनी खटकलं. आबा काही दरोडेखोर नव्हते, ते स्वतःच्याच शरीराबद्दल विचारत होते. मग ती गोष्ट माझ्या कामाची उरते का? आपल्या प्रसंगात आणि उदाहरणात फरक नेमका कुठे पडतो हे शोधायचं, तत्त्वज्ञानातलं निम्मं काम हेच आहे, आणि त्याला कुठलीही डिग्री लागत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल विचारेल की परिणाम काय झाला, कोणाला किती सुख किती दुःख. अ‍ॅरिस्टॉटल विचारेल की शहाणा, चांगला माणूस इथे कसा वागला असता. कांट, मिल, अ‍ॅरिस्टॉटल, तिघांचीही उत्तरं वहीत लिहा, पण इतक्यात कोणाच्या पार्टीत जाऊ नका.

दुसरी जात ज्ञानमीमांसेची, म्हणजे आपल्याला कळतं ते कसं आणि "कळलं" कधी म्हणायचं. एके सकाळी आबा मला म्हणाले, "सण नाही, लग्न नाही, तरी मुंबईची आत्या आली, नागपूरचा आला, आणि तुझी आई माझं ताट वाढून आत जाऊन डोळे पुसते. अल्सरला एवढी माणसं येत नाहीत गं." त्यांना सगळं कळलं होतं.

न्यायदर्शनात, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या आपल्या जुन्या दर्शनात, अनुमानाचे पाच अवयव सांगितलेत, प्रतिज्ञा, हेतू (म्हणजे कारण), उदाहरण, उपनय, निगमन. त्यांचं नेहमीचं उदाहरण असं, डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतोय, जिथे धूर तिथे आग जसं स्वयंपाकघरात, इथेही तसाच धूर आहे, म्हणून आग आहे. आबांनी न शिकता हेच केलं होतं. आता शंका काढा. माणसं जमिनीच्या वाटणीसाठी पण गोळा होतात की! म्हणजे एकच खूण दोन कारणांनी दिसू शकते, असा हेतू घसरतो, नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे लोक, त्याला सव्यभिचार म्हणतात. मग आबांना "माहीत होतं" म्हणायचं का त्यांचा "अंदाज बरोबर आला" म्हणायचं? बंद पडलेल्या घड्याळात बघून योगायोगानं बरोबर वेळ सांगितली तर ते ज्ञान का? एडमंड गेटियरनं 1963 साली फक्त तीन पानांत असलाच पेच मांडला आणि त्यावर अजून लिहिलं जातंय.

तिसरी सत्तामीमांसा, मुळात काय आहे. शेवटी शेवटी आबा कोणाला ओळखत नव्हते. हे तेच आबा का? मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिलिंद राजाला विचारतो, तू रथातून आलास, तर रथ म्हणजे आस का, चाकं का, जू का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो, मग रथ कुठेय? माणसाबद्दलही हेच विचारता येतं. हा संवाद जरूर वाचा, अवघड अजिबात नाही.

निर्णय कोणाचा, काकांचा का आबांचा, हा हक्काचा प्रश्न पुढे राजकीय तत्त्वज्ञानात जातो. सौंदर्यशास्त्र माझ्या प्रसंगात येत नाही, पण शोकाचं नाटक बघून समाधान का वाटतं असं कधी मनात आलं असेल तर तुमचं दार तिथे आहे, नाट्यशास्त्रवाल्या भरतमुनींचा रसविचार तिथूनच सुरू होतो.

राहिलं तर्कशास्त्र, ते सगळ्यांच्या पोटात आहे. करायचं काय, तर आपलं किंवा समोरच्याचं म्हणणं पायऱ्यांत मांडायचं. काका म्हणायचे, सांगितलं तर आबा खचतील, खचला की माणूस लवकर जातो, म्हणून सांगायचं नाही. कागदावर लिहिल्यावर दिसलं की यात एक पायरी न बोललेली आहे, लवकर जाण्यापेक्षा वाईट काही नसतं ही. भांडण खरं तिथे होतं आणि आम्ही भलतीकडेच भांडत होतो.

यानंतर पूर्वपक्ष लिहा. आपल्या परंपरेत आधी विरोधकाचं म्हणणं पूर्ण ताकदीनं मांडायचं आणि मगच उत्तर द्यायचं अशी शिस्त आहे. काकांची बाजू मी दोन पानं लिहिली, लिहिताना रडले, कारण त्यांनी त्यांचे वडील गमावताना ते ठरवलं होतं हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

इतकं झालं की वाचायला घ्या. शब्द अडला तर मराठी विश्वकोश ऑनलाईन फुकट आहे, त्यातल्या नोंदी बघा. हेगेल किंवा कांटचे जाडे ग्रंथ पहिल्या वर्षी नकोच. प्लेटोचा युथिफ्रो घ्या, छोटा संवाद आहे, एका बैठकीत होतो. सॉक्रेटिसवर खटला चालणार आहे, इ.स.पू. 399 ची गोष्ट, आणि न्यायालयाबाहेर त्याला युथिफ्रो भेटतो जो स्वतःच्या वडिलांवर खटला भरायला आलाय. पवित्र आचरण म्हणजे काय एवढंच सॉक्रेटिस विचारत राहतो. प्रत्येक व्याख्येपाशी पुस्तक उलटं ठेवा, ती कुठे मोडते ते आधी स्वतः वहीत लिहा, आणि मगच सॉक्रेटिस काय म्हणतो ते वाचा.