ठासणीच्या रायफलला शिकारीचा लोड बसवायचाय? मग आधी चिंध्या गोळा करा

ठासणीची रायफल हातात आली की पहिला प्रश्न ठरलेला, दारू किती घालू? आणि सांगणारेही लगेच आकडा सांगून मोकळे होतात, ७० ग्रेन घाल (ग्रेन हे दारू-गोळीचं माप), ९० घाल, माझी तर १०० वर मस्त चालते. अरे पण तो आकडा त्याच्या नळीचा झाला ना. त्याच कंपनीची, त्याच कॅलिबरची तुमची रायफल त्याच आकड्यावर कागदभर भोकं पाडू शकते, त्यात तिचा काही दोष नाही. लोड म्हणजे नुसती दारू नव्हे. दारू, चिंधी (म्हणजे पॅच), चिंधीला लावलेलं वंगण, शिशाची गोळी आणि तुम्ही गज (गोळी आत ठासायची सळई) कसा दाबता, हे पाचही मिळून लोड होतो. इथे मी चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीबद्दलच बोलतोय आणि उदाहरणाला .५० कॅलिबर (म्हणजे अर्धा इंच रुंद नळी) घेतोय, कारण ते सगळ्यात जास्त लोकांकडे असतं. अर्थात शिकार जिथे कायद्याने चालते आणि लायसन्स आहे तिथलीच गोष्ट, बाकीच्यांनी कागदावर मजा करा, पद्धत तीच आहे.

सेफ्टीचं आधीच सांगून टाकतो, नंतर मधेमधे टोकत बसणार नाही. फक्त काळी दारू, किंवा ठासणीच्या बंदुकीसाठी म्हणून विकतात तो तिचा पर्याय. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू चिमूटभरही नाही, नळी फुटते आणि सोबत हातही जातो. कंपनीने तुमच्या मॉडेलला जी कमाल मर्यादा दिलीय ती लक्ष्मणरेषा. दारूच्या डब्यातून थेट नळीत ओतायचं नाही, आत एखादी ठिणगी धुमसत असली तर अख्खा डबा हातात पेटेल, आधी मापात घ्या आणि मापातून ओता. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे, मधे पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. म्हणून पहिल्याच दिवशी गजावर दोन खुणा करून घ्या, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या लोडची. आणि चाप ओढूनही बार झाला नाही तर निदान मिनिटभर नळी टार्गेटकडेच धरून ठेवा, उशिरा उडणारे बार असतात आणि ते बरोब्बर तुम्ही वाकून बघायला लागलात की उडतात.

आता रायफल ओळखून घ्या. नळीतले आटे (गोळीला फिरवणाऱ्या पेचदार खोबणी) किती इंचात एक फेरा घेतात हे कंपनीच्या कागदावर असतं, नसेल तर गजाला घट्ट चिंधी लावून आत ढकला आणि गज किती फिरतो ते मोजा (गजाची मूठ मोकळी फिरणारी हवी). ६६ किंवा ७० इंचात एक फेरा असेल तर ती गोल गोळीसाठीच बनवलीय आणि तिला सहसा भरपूर दारू आवडते. ४८ इंचात एक हा मधला मार्ग, गोल गोळीही चालते आणि लांबट शिसंही. २८ किंवा ३२ इंचात एक असेल तर ती लांबट गोळ्यांची नळी, तिथे गोल गोळीला जास्त दारू दिली की ती आटे सोडून घसरते, त्यामुळे कमी दारूतच समाधान मानावं लागतं. हे आधी माहीत असलं की पाच-सहा शनिवार वाचतात.

.५० ला नेहमीची गोळी .४९० इंचाची, मऊ शुद्ध शिशाची, वजन साधारण १७७ ग्रेन (१५ ग्रेन म्हणजे जेमतेम १ ग्रॅम). चिंधी .०१५ इंच जाडीची घेतलीत तर दोन्ही बाजूंनी मिळून .०३० वाढले, म्हणजे सगळं मिळून .५२०, आणि नळी आहे .५००. हे वरचं कापड जातं कुठे? आट्यांच्या खोबणीत दाबून बसतं, आणि तेच तर पाहिजे, कारण गोळीला फिरवायचं आणि मागचा गॅस अडवायचं काम ही चिंधीच करते, शिसं आट्यांना नीट लागतही नाही. कापड घट्ट विणीचं शंभर टक्के सुती, गादीच्या खोळीला वापरतात तसलं. आधी धुऊन खळ काढून टाका. पॉलिस्टर मिक्स कापड चुकूनही नको, ते वितळून नळीत चिकटतं. जाडी दुकानदार सांगतो त्यावर जाऊ नका, कॅलिपरमधे दाबून स्वतः मोजा.

घट्टपणाचा अंदाज हातालाच येतो. छोट्या स्टार्टरवर (गोळी नळीच्या तोंडात बसवायचा आखूड दांडा) तळहाताचा एक बरा फटका मारून गोळी तोंडातून आत गेली आणि पुढे गजाने एकसारखी सरकत गेली की बरोबर. अंगठ्याने आत जात असेल तर सैल, हातोडी शोधायला लागलात तर जरा जास्तच झालं.

दारूचं माप घनफळाचं असतं, वजनाचं नाही. काळी दारू मापात घेतली की आकडा वजनाच्या ग्रेनच्या जवळपास येतो, पण पर्यायी दारू बहुतेक हलकी असते. तेव्हा तिचे ८० म्हणजे ८० ग्रेनच्या मापाइतकी, तराजूवर तोलून ८० घातलीत तर खूप जास्त होईल. त्यातही ट्रिपल सेव्हन नावाची पर्यायी दारू जास्त जोरकस, ती घनफळातही १५ टक्के कमी घ्यायला कंपनीच सांगते. काळ्या दारूत डबल एफ जाड दाण्याची, ट्रिपल एफ बारीक. बारीक दारू लवकर जळते आणि दाब जास्त देते, म्हणून डबलवरून ट्रिपलवर जाताना १० ते १५ टक्के उतरा. .५० मधे दोन्ही चालतात, त्याखाली ट्रिपल आणि .५४ पासून वर डबल असा साधारण रिवाज. चकमकीची रायफल असेल तर नळीत खरी काळी दारूच घाला, पर्यायी दारू पेटायला जास्त उष्णता लागते आणि नुसतं फुस्स होऊन राहतं. रंजक (बाहेर पेटवायची दारू) फोर एफची, म्हणजे अजून बारीक, आणि ती कानाच्या (नळीत आग जाते त्या बाजूच्या) भोकाच्या खालीच ठेवायची, भोक बुजवलं तर ती वातीसारखी जळत आत जाते आणि बार रेंगाळतो.

आता प्रत्यक्ष शूटिंग. ५० यार्डांवर कागद, बाकावर वाळूच्या पिशव्या, पुढचा लाकडी भाग दर वेळी त्याच जागी टेकवायचा आणि नळी स्वतः कशावरही टेकवायची नाही. जुन्या धाटणीच्या दस्त्याला (खांद्याला लागणारा लाकडी भाग) चंद्रकोरीसारखी लोखंडी पट्टी असते, ती खांद्याच्या खळग्यात नाही तर थोडी बाहेर, दंडाच्या सांध्यावर घ्यायची, नाहीतर तिची टोकं असा धक्का देतात की दहाव्या बारापासून तुम्ही डोळे मिटून झाडत असता आणि दोष मात्र लोडला देता.

सुरुवात कॅलिबरइतक्या ग्रेनने करायची हा जुना सोपा नियम, म्हणजे .५० ला ५०. तीन बार झाडा, कागदावर लिहा, मग ५५, मग ६०, असं पाचपाचने वर. प्रत्येक बारानंतर नळी पुसायची, एक ओलसर चिंधी (ओलसर म्हणजे ओलसर, थबथबलेली नाही, नाहीतर सगळी काजळी चिखल होऊन तळाशी भोकात जाऊन बसते) आणि मग एक कोरडी. काही लोक पुसत नाहीत, तेही चालतं, पण मग कधीच पुसायचं नाही, एकदा पुसलं एकदा नाही असं केलंत की तुम्ही नक्की काय तपासताय ते देवालाच माहीत. एका वेळी एकच गोष्ट बदला. दारू बदलताना चिंधी तीच, वंगण तेच. ऐकायला शाळेतल्यासारखं वाटतं पण मी स्वतः एका दुपारी कापड आणि दारू दोन्ही बदलून झकास ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) काढला आणि पुढचे दोन महिने तो कशामुळे आला ते शोधत होतो. त्याच दुपारी गप्पांच्या नादात दारूच न घालता गोळीही ठासली होती, सगळे ठासतात एकदा तरी. (निपल, म्हणजे पेटवायची टोपी जिच्यावर बसते ती नळकांडी, काढून मागून थोडी दारू सरकवा, गज घालून गोळी तळाशी टेकलीय ना ते बघा, आणि बार मातीत उडवून टाका.)

गोळ्या कागदावर बघाल तेवढंच लक्ष जमिनीवर द्या. रेंज थंड झाली, सगळ्यांनी रायफली खाली ठेवल्या, की पुढे जाऊन झाडलेल्या चिंध्या उचला, दहा-पंधरा यार्डांत पडलेल्या असतात. एखादी धुमसत असते, वाळकं गवत असेल तर ती आधी विझवा. मग वाचा. मधे करडा-काळा डाग, त्याभोवती दाबाचं गोल कडं, कडा थोड्या विस्कटलेल्या पण चिंधी अख्खी, ही निरोगी चिंधी, जवळजवळ परत वापरता येईल अशी. मधे जळून भोक किंवा कड्यापाशी करपलेलं म्हणजे गॅस बाजूने निसटतोय, कापड जाड घ्या, वंगण वाढवा, किंवा दारू आणि गोळीच्या मधे लोकरीच्या नमद्याची चकती घाला. सरळ रेषेत ब्लेडने कापल्यासारखे काप असतील, आणि तेही आट्यांच्याच अंतरावर, तर नळीचं तोंड नाहीतर आट्यांच्या कडा धारदार आहेत. ठासतानाच कापतंय की उडताना, हे बघायला दारू न घालता चिंधीत गोळी तोंडाच्या जरा आत ढकला आणि गजाच्या टोकाला लावायच्या स्क्रूने बाहेर ओढा. नव्या नळीत हे फार दिसतं, शंभरेक बारांत कडा आपोआप मऊ होतात, घाई असेल तर तोंडाची कड बारीक एमरी कापड अंगठ्याखाली धरून हळूहळू गोल फिरवत घासता येते. आणि चिंध्या अशा फाटत असताना दारूचा आकडा शोधणं म्हणजे पंक्चर चाकाला हवा भरत बसणं, आधी चिंधी बरी करा.

पाचपाचने वर जाताना मजा दिसते, ग्रुप लहान होतो, मग फुटतो, मग पुन्हा लहान होतो. खालचा लहान ग्रुप कागदावर नेमबाजीसाठी, वरचा शिकारीसाठी. .५० मधे तो बहुतेकांचा ७० ते ९० च्या आसपास कुठेतरी येतो. तिथे पाच-पाच बारांचे ग्रुप काढून खात्री करा, तीन बारांचा ग्रुप नशिबानेही चांगला येतो. त्याच्याही वर जायची हौस येते पण गोल गोळी हवेत फार लवकर दमते, १८०० फूट प्रति सेकंदाने निघालेली १०० यार्डांवर जवळपास ४० टक्के वेग गमावून बसते. अजून १० ग्रेन घातलेत तर तिथे पोचेपर्यंत त्यातलं फारच थोडं उरतं. धूर आणि धक्का मात्र पूर्ण मिळतो.

निशाण (नळीवरच्या नेम धरायच्या खुणा) शेवटी, लोड पक्का झाल्यावर. मागचं निशाण जिकडे सरकवाल तिकडे गोळी जाते, पुढचं निशाण, म्हणजे माशी, त्याच्या उलट. माशी घासून कमी केली की गोळी वर चढते, तेव्हा कानशीचे दोन हात मारा आणि एक बार झाडून बघा, कापलेलं लोखंड परत येत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. बाकावरचा उत्तम ग्रुप आणि शिकारीचा लोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा पहिला शिकारीचा लोड थुंकी लावलेल्या चिंधीवर बसवला होता, ५० यार्डांवर भोकाला भोक लागत होतं. रानात पहाटे ठासला, चार तास बसलो, हरीण आलं, साठ यार्डांवर आडवं उभं राहिलं, आणि गोळी कुठे गेली ते मला आजही माहीत नाही. चिंधी सापडली ती मधोमध जळालेली, चार तासांत थुंकी वाळून गेली होती. जनावर साफ वाचलं ते बरंच झालं, जखमी होऊन गेलं असतं तर वाईट. तेव्हापासून रानातल्या लोडला चरबी आणि मेण, किंवा नुसतं ऑलिव्ह ऑइल, तेही बोटांनी पिळून काढलेलं, कारण जास्त झालं तर उलटा त्रास, ते खाली दारूत झिरपतं. मधे नमद्याची कोरडी चकती असली की ती भीतीही जाते.

आणि परीक्षाही तशीच घ्यायची. रानात तुम्हाला मिळतो एकच बार, थंड आणि स्वच्छ नळीतून. म्हणून रेंजवर गेलो की पहिला बार एका वेगळ्या कागदावर टाकतो. आधी साठवणीचं तेल स्पिरिटच्या चिंधीने पुसायचं, निपलवर दोन नुसत्या टोप्या उडवून वाट मोकळी करायची, मग ठासायचं, आणि जमेल तेव्हा दोन-तीन तास तसंच ठेवून द्यायचं. एक बार झाला की तो कागद तारीख टाकून घडी करून ठेवायचा आणि पुढच्या खेपेला तोच परत लावायचा. सहा-सात खेपांनंतर त्या कागदावर जो ग्रुप दिसतो तो तुमच्या शिकारीच्या लोडचा खरा ग्रुप, बाकीचे सगळे फोटो काढायचे. मग बाक सोडून बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून झाडा, आणि सहा इंची ताटलीत दर वेळी गोळी जाते ते सगळ्यात लांबचं अंतर पायांनी मोजून ठेवा. माझं ७५ यार्ड येतं, त्यापुढे मी घोडा चढवत नाही.

दुसऱ्या बाराची तयारीही करून ठेवा, न पुसलेल्या नळीत तीच चिंधी जाते का ते बघून. अडकत असेल तर खिशात दोन पातळ चिंध्या वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत आलात तर बार मातीच्या बांधात मोकळा करायचाच असतो, मग रात्री गरम पाणी आणि साबणाने नळी धुवायची, काजळी हवेतली ओल ओढते आणि सकाळपर्यंत गंज धरते. फक्त बांधाऐवजी शक्य असेल तर रेंजवर जाऊन तो घडी केलेला कागदच लावा. दिवसभर दवात आणि थंडीत फिरलेला लोड कुठे लागतो ते त्यावर लिहून ठेवा, तारखेपुढे "रानातून आलेला" अशी खूण करून.