ग्रीसची आडवाटेची बेटं: या चुका टाळा

सांतोरिनी-मिकोनोसची गर्दी सोडून अमोर्गोस, दोनुसा, अनाफीकडे वळणारी आपली मंडळी मला मनापासून आवडतात. पण त्यांचा कार्यक्रम बघितला की काळजी वाटते. सहा दिवसांत पाच बेटं, आणि शेवटच्या दिवशी सकाळी बोटीतून उतरून दुपारी अथेन्सहून विमान. आधी हे शेवटचं खोडा.

कारण वारा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी वाहतो. आपल्याकडे गेटवे-मांडवा लाँच बंद होते ती पावसाळ्यात, आभाळ बघूनच कळतं. मेल्तेमीत आभाळ निरभ्र असतं, ऊन लख्ख असतं, जेवणाच्या टेबलावरचा कागद चिमट्यांनी अडकवलेला असतो आणि धक्क्यावर धड उभं राहवत नाही. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापावर वारा 8 च्या घरात गेला की बंदराचे अधिकारी बोटी सोडत नाहीत. त्या बंदीला तिथे ‘अपागोरेफ्तिको’ म्हणतात. छोट्या आणि वेगवान बोटी तर त्याआधीच थांबतात. रद्द झालेल्या बोटीचे पैसे परत मिळतील, चुकलेल्या विमानाचे कोण देणार? म्हणून विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्येच काढा. ऑगस्टमध्ये दोन रात्री हाताशी ठेवा.

दुसरी चूक, आधी खोल्या ठरवायच्या आणि मग बोटी शोधायच्या. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या बेटांमध्ये रोज बोट असेलच असं नाही. दूरच्या बेटांच्या मार्गाला ग्रीक लोक ‘आगोनी ग्रामी’, म्हणजे नापीक मार्ग म्हणतात. धंदा होत नाही, म्हणून सरकार अनुदान देऊन बोट चालवतं. आडगावच्या मुक्कामी एसटीसारखंच हे, फक्त गाडी रोज नाही, आणि कधी कधी मध्यरात्री पोचते. आधी बोटीचे वार बघा, मग खोली घ्या. पहिल्यांदा जात असाल तर नाक्सोसला तळ ठोका. तिथून इराक्लिया, स्किनूसा, कुफोनिसिया, दोनुसा जमतात. दोन-तीन बेटं पुष्कळ झाली.

तिकिटावर बंदराचं नाव वाचा. अमोर्गोसला कातापोला आणि एगियाली अशी दोन बंदरं आहेत. इकारियाला आगिओस किरिकोस आणि एव्दिलोस. रात्री चुकीच्या बंदरात उतरलात तर डोंगरातला लांबचा रस्ता आणि टॅक्सीची वाट बघणं. आणि बेट जवळ आलं की वर खुर्चीत बसून राहू नका. सामान घेऊन खाली गाड्यांच्या मजल्यावर जा. दाभोळ-धोपावे जंगलजेटीचा उतरतो तसा रॅम्प खाली येतो, माणसं-गाड्या एकदमच निघतात, आणि काही मिनिटांत बोट पुढे जाते.

कास्तेलोरिझो बेटावर जाणार असाल तर समोरच तुर्कस्तानचा किनारा दिसेल, जेमतेम दोन किलोमीटरवर, आणि थोडं पुढे काश गाव. दिवसभरासाठी जाऊन येऊ, असं वाटणारच. पण ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा तुमचा शेंगेन व्हिसा तुर्कस्तानला लागू नाही; तो एकाच प्रवेशाचा असेल तर तुर्कस्तानात पाऊल टाकताच तो संपतो आणि परत येता येत नाही. सामान मात्र बेटावरच्या खोलीत.

शाकाहारी माणसांची चूक मला सगळ्यात जास्त लागते, कारण ती चांगल्या सल्ल्यातूनच होते. ‘निस्तीसिमो’ मागा, म्हणजे उपवासाचं, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. त्यात मांस, अंडी, दूध नसतं हे खरं. पण ऑर्थोडॉक्स उपवासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतो! तेव्हा ‘खोरिस क्रेआस, खोरिस प्सारी, खोरिस थालासिना’ असं तिन्ही म्हणा: मांस नको, मासे नकोत, समुद्रातलं काही नको. मग फावा येईल, पिवळ्या डाळीचं घट्ट वरण म्हणा, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. खोर्ता येईल, म्हणजे उकडलेली पालेभाजी, लिंबू पिळून. आणि सिफ्नोस वाटेत असेल तर रविवार साधा. शनिवारी रात्री मातीच्या भांड्यातून लाकडाच्या भट्टीत गेलेले छोले रविवारी दुपारी बाहेर येतात. नाव रेविथादा.