चप्पल लाईनीतलं दुकान दोन भाषांत उभं करताना

कॉलेजातून बाहेर पडल्यावर मला मिळालेलं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे कोल्हापुरातल्या 'चप्पल लाईन' या चपलांच्या बाजारातल्या एका दुकानाची वेबसाइट. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत खरेदी करता यावी, एवढीच मालकांची अट. माझा हिशेब सोपा होता: आधी इंग्रजीत दुकान बांधायचं, मग सगळी वाक्यं मराठीत करून टाकायची. तो हिशेब चुकला आणि दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागलं. या कामात नव्याने उतरणाऱ्यांचे ते दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितेय.

पहिला नमुना काकांना, म्हणजे मालकांना, दाखवला. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं, 'हस्तनिर्मित चामड्याच्या सँडल'. काकांनी चष्मा वर केला. "अगं पोरी, असं मागणारं गिऱ्हाईक आजवर माझ्या पायरीवर आलेलं नाही. लोक कापशी मागतात, पायताण मागतात, करकर वाजणारी मागतात." आत आणखी वाईट अवस्था होती. भाषांतराच्या यंत्राने 'लेदर सोल'चं, म्हणजे चामड्याच्या तळाचं, 'लेदर एकमेव' केलं होतं ('सोल'चा दुसरा अर्थ एकमेव) आणि ते मी न वाचताच पानावर चढवलं होतं.

मग चार शनिवार-रविवार गल्ल्याशेजारी स्टूल टाकून बसले. येणारा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो, ते वहीत उतरवत गेले. वेणी आहे का, गोंडा नको, तळ जाड हवा, लग्नात घालायची आहे, वडिलांना रोज शेतात वापरायची आहे. कापशी, कचकडी, बक्कलनाळी, पुकारी ही चपलांच्या प्रकारांची नावं मी कोल्हापूरची असूनही मला धड ओळखता येत नव्हती. साइटवरचे सगळे फिल्टर शेवटी त्या वहीतूनच आले. कोड लिहायला बसण्याआधी दुकानात बसा, हे मी आता प्रत्येक नवख्याला आग्रहाने सांगते.

त्या वहीमुळे आणखी एक गोष्ट कळली. मराठीत वाचणाऱ्याला चप्पल काय असते हे सांगायची गरज नसते; त्याला हा जोड कुठल्या घाटाचा आणि किती टिकेल एवढंच हवं असतं. इंग्रजी पानावर येणाऱ्याला मात्र 'कान' म्हणजे चपलेच्या दोन्ही बाजूंना निघणारे पट्टे, हे फोटोवर बाण काढून दाखवावं लागतं. चामडं सुरुवातीला कडक लागतं, वापराने सैलावतं, पावसात भिजवू नये, हेही सांगावं लागतं. म्हणून आम्ही दोन्ही भाषांतली वर्णनं स्वतंत्र लिहिली. डेटाबेसमध्ये किंमत, नंबर, साठा एका तक्त्यात ठेवला. नाव आणि वर्णन दुसऱ्या तक्त्यात, प्रत्येक भाषेची वेगळी ओळ. उद्या कन्नड आणायची झाली तर रचना मोडावी लागणार नाही. हा विचार आमच्यासाठी दूरचा नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. जाता जाता: ते मानांकनाचं चिन्ह साइटवर सहज चिकटवू नका. ते वापरण्याचा हक्क नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यांनाच असतो, त्यामुळे आधी दुकानदाराकडे तशी नोंदणी आहे का ते विचारा.

आता मराठीच्या व्याकरणाबद्दल. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि शिकवणीच्या व्हिडिओंत हे कुणी सांगत नाही. इंग्रजीत वाक्याचा साचा करून त्यात नाव टाकलं की काम भागतं. मी तसंच केलं: शहराचं नाव आणि पुढे 'ला'. कोल्हापूरला, सांगलीला, सगळं ठीक. मग एका गिऱ्हाइकाला संदेश गेला, 'तुमची ऑर्डर पुणेला रवाना झाली'. पुण्याच्या माणसाला 'पुणेला' वाचून काय वाटलं असेल! सामान्यरूप, म्हणजे प्रत्ययाआधी शब्दाचं होणारं रूप ('पुणे'चं 'पुण्या-'), यंत्राकडून करून घेण्याच्या नादी लागू नका, ठाणे, नाशिक, सातारा प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. वाक्यच बदला. आता तिथे 'पाठवण्याचं ठिकाण: पुणे' असं येतं. लिंगाचंही तेच. चप्पल संपली, जोड संपला, पाकीट संपलं. प्रत्येक मालाला लिंगाचा रकाना ठेवता येतो, पण 'शिल्लक नाही' लिहिलं की प्रश्नच मिटतो. अशी तटस्थ वाक्यं शोधणं हे मला या कामातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं.

आकड्यांनी दोनदा फसवलं. ब्राउझरला किंमत भारतीय मराठी पद्धतीने दाखव म्हटलं की तो आपोआप देवनागरी अंक देतो, हिंदीला मात्र तसं करत नाही. मला ते आवडलं, काकांनाही आवडलं. पण गिऱ्हाईकही मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंकांत पिनकोड लिहू शकतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. माझी तपासणी फक्त इंग्रजी अंक ओळखत होती. '४१६' ने सुरू होणारा बरोबर पिनकोड लिहूनही लोकांना 'चुकीचा पिनकोड' दिसत होता, आणि हे आठवडाभर कळलंच नाही, कारण अडलेला माणूस फोन करत नाही, निघून जातो. आता माणसाने काहीही लिहिलं तरी आत साठवण्याआधी अंक एकाच रूपात आणतो. एक ऑर्डर आणखी वेगळ्या कारणाने बुडाली: डेटाबेस जुन्या एन्कोडिंगवर, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीवर होता, ज्यात एका अक्षराला फार तर तीन बाइट मिळतात. देवनागरी त्यात बसते, म्हणून चाचणीत सगळं हिरवं दिसलं. पण सूचनेच्या रकान्यात कुणी हात जोडल्याचं इमोजी टाकलं की ऑर्डर नोंदच होईना. इमोजीही सामावणारं चार बाइटचं युटीएफएट-एमबीफोर (utf8mb4) पहिल्या दिवसापासून निवडा.

शोधाची पेटी हा स्वतंत्र अध्याय. लोक कोल्हापुरी, कोल्हापूरी, चप्पल, चपल, पायताण, पायतान असं काहीही लिहितात, आणि बरेच जण रोमन लिपीत मराठी लिहितात. शुद्धलेखन शिकवणं हे दुकानाचं काम नाही. प्रत्येक नावाशेजारी मी एक शोधरूप साठवलं: ऱ्हस्व-दीर्घ एक, ण आणि न एक, ळ आणि ल एक, जोडाक्षरातलं द्वित्त काढून टाकलेलं ('चप्पल'चं 'चपल'). गिऱ्हाइकाचा शब्दही त्याच चाळणीतून जातो आणि मग जुळणी होते. रोमन लिपीतल्या नेहमीच्या रूपांची यादी वहिनींनी, म्हणजे काकांच्या सुनेने, व्हॉट्सअपवरचे जुने संदेश चाळून करून दिली. तसली यादी मला बाहेर कुठेच मिळाली नसती.

दिसण्याबद्दल थोडक्यात. इंग्रजी थीममध्ये शीर्षकाच्या अक्षरांत मोकळी जागा सोडलेली असते. देवनागरीत तिने शिरोरेषा तुटते, तेव्हा मराठी पानावर ती शून्य करा. ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. भाषा बदलण्याचं बटण त्याच मालाच्या दुसऱ्या भाषेतल्या पानावर न्यायला हवं, मुखपृष्ठावर नाही. प्रत्येक भाषेच्या पानाला स्वतःचा पत्ता द्या आणि ही दोन पानं एकमेकांची रूपं आहेत हे सर्च इंजिनला पानाच्या कोडमधल्या एचरेफलँग (hreflang) खुणेने सांगा. एसएमएस मराठीत पाठवणार असाल तर खर्च आधी मांडा: इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०.

कायदा आणि कर या बाजूला नवखे सहसा बघत नाहीत. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात. कार्डचे नंबर स्वतःकडे साठवायचे नाहीत. ते पेमेंट गेटवेवर, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेवर सोडा. आणि कराचा दर कोडमध्ये कधीच पक्का लिहू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के झाला. ज्यांनी दर सेटिंगमध्ये ठेवला होता त्यांनी एक आकडा बदलला. मी तो तीन फाइलींत लिहून ठेवला होता आणि आदल्या रात्री जागले.

परत येणाऱ्या मालाचं मुख्य कारण नंबर. बुटाचा नंबर कोल्हापुरीला जसाच्या तसा लागू पडत नाही. आम्ही सांगतो, कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने आखा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटर मोजा, शंका असेल तर त्या कागदाचा फोटो पाठवा. काका तो फोटो बघून नंबर सांगतात.

पैशांचं बोलणं सुरुवातीलाच करा. डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) दुकानाच्या नावावर घ्या, स्वतःच्या नाही. माल चढवण्याचं पान मराठीत आणि मोबाइलवर चालणारं बनवा. ते रोज वापरणारा माणूस तुम्ही नसता. वहिनी दुपारी गर्दी कमी असताना फोनवर बोलून वर्णन लिहितात आणि ते माझ्या कुठल्याही वर्णनापेक्षा चांगलं उतरतं.

ज्या शब्दांना एकही माल सापडला नाही, त्यांची नोंद साइट ठेवते. दर सोमवारी मी आणि वहिनी ती यादी बघतो. गेल्या सोमवारी त्यात 'रुंद पाय' असं चारदा आलं होतं. काकांना विचारलं तर म्हणाले, "आपल्याकडं एक कारागीर आहेत की, माप दिलं की करून देतात. कुणी विचारलंच नव्हतं." आता मालाच्या तक्त्यात पायाच्या रुंदीचा नवा रकाना जोडतेय.