आधी वजन, मग झेंडा: दोन थ्रेडमधला निरोप चुकू नये म्हणून

मिरकरवाडा बंदरावरच्या मासळी लिलावासाठी मी सी प्लस प्लसमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला होता. एक थ्रेड (प्रोग्राममध्ये इतरांबरोबर एकाच वेळी चालणारं काम) काट्यावरचा आकडा ‘वजन’मध्ये ठेवून ‘तयार’ हा झेंडा वर करायचा. दुसरा थ्रेड तो झेंडा बघून पावती छापायचा. घरच्या इंटेल लॅपटॉपवर एकदाही चुकला नाही. जेटीवरच्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर मात्र सुरमईच्या पावतीवर आधीच्या बांगड्याच्या पाटीचं वजन आलं.

दोन्ही थ्रेड कशाकशाला हात लावतात ते आधी लिहून काढा. व्हेरिएबल्स बरीच असतील तर सरळ म्यूटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावा, क्रम तोच सांभाळतो.

झेंड्यानेच काम भागवायचं असेल, तर खरी मेख इथे आहे. तुम्ही लिहिलेला क्रम दुसऱ्या कोअरला (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या भागाला) तसाच दिसेल याची हमी नसते. कंपायलर क्रम बदलू शकतो, प्रोसेसरही. इंटेलचा प्रोसेसर दोन लेखनांचा क्रम सहसा मोडत नाही. पायमधला एआरएम मोडू शकतो. मला ‘व्होलाटाइल लाव’ (दर वेळी मेमरीतूनच वाचायला लावणारा शब्द), ‘मध्ये स्लीप टाक’ (थ्रेडला क्षणभर थांबव) असे सल्ले मिळाले. दोन्ही चूक. सी प्लस प्लसमधलं व्होलाटाइल दोन थ्रेडमधल्या क्रमाची हमी देत नाही, आणि स्लीपने चूक फक्त दुर्मीळ होते, म्हणजे शोधायला आणखी अवघड.

झेंडा अ‍ॅटॉमिक करा, म्हणजे थ्रेडनी एकाच वेळी हाताळला तरी चालेल असा. २०११ च्या मानकापासून ही सोय भाषेतच आहे. झेंडा वर करताना ‘रिलीज’ (आधीचं लेखन झेंड्यानंतर सरकू नये), वाचताना ‘अक्वायर’ (नंतरचं वाचन झेंड्याआधी होऊ नये). मी आधी फक्त रिलीज लावलं, वाचताना ‘रिलॅक्स्ड’च (क्रमाची हमी न देणारं) ठेवलं आणि आठवडा घालवला. लिहिणाऱ्याने क्रम पाळला, तरी वाचणारा कोअर झेंड्याआधीच वजन उचलून बसतो. एका बाजूने बांधलेला दोर होडी धरत नाही, जोडी हवीच.

परतीची वाटही विसरू नका. छापणाऱ्याने वजन स्वतःकडे उतरवून घेतल्यावरच, रिलीजने, झेंडा खाली करावा. काट्याच्या थ्रेडने तो अक्वायरने बघून मगच पुढचं वजन लिहावं. नाहीतर अर्धी पावती छापताना आकडा बदलतो.

शेवटी थ्रेडसॅनिटायझर (थ्रेडमधल्या अशा चुका पकडणारं कंपायलरचं साधन) लावून प्रोग्राम चालवा. रिलॅक्स्डची माझी ती चूक त्याने लॅपटॉपवरच, पहिल्याच फेरीत, ओळ क्रमांकासकट दाखवली.