पहिल्या उसळीनंतर

विमान सेस्ना १५२, माझा चौथा सोलो (एकटीने केलेलं उड्डाण), मे महिन्यातली सकाळ. जमिनीवर आपटून नोज व्हील मोडलं, प्रोपेलर धावपट्टीला घासला. मला खरचटलंही नाही. सीपीएलसाठी (व्यावसायिक पायलटचा परवाना) नुकतंच उडायला लागलेल्यांसाठी हे लिहितेय, कारण त्या वीस सेकंदांत मी केलेली प्रत्येक चूक शिकाऊ पायलट हमखास करतो.

सुरुवात धावपट्टीवर झालीच नव्हती. बेसवरून (धावपट्टीला आडवा टप्पा) फायनलला (तिच्या सरळ रेषेतला शेवटचा टप्पा) वळले तेव्हा उंची जास्त होती. ती घालवायला मी नाक खाली दाबलं आणि वेग वाढला. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) पूर्ण खाली असताना या विमानाचा उतरतानाचा वेग ५५ ते ६५ नॉटचा, माझा काटा सत्तरच्या पुढे. पाच-दहा नॉटांनी काय होतं, असं वाटतं. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: ६० चे ७० झाले की ती ३६ टक्के जास्त. फ्लेअर केल्यावर, म्हणजे टेकण्याआधी नाक वर उचलल्यावर, विमान टेकेना, नुसतं तरंगत राहिलं. त्यात तापू लागलेल्या डांबरावरून वर येणारी हवा. धावपट्टी संपत चालली म्हणून मी घाई केली, योक (नाक वर-खाली करायचं हँडल) थोडा पुढे ढकलला.

नाकाचं चाक आधी आपटलं. तसं झालं की नाक वर फेकलं जातं, पंखाचा हवेशी कोन वाढतो आणि विमान पुन्हा उडतं. ही पहिली उसळी. इथेही सगळं वाचलं असतं. पण नाक वर दिसताच हात आपोआप योक पुढे ढकलतात, आणि त्याचा परिणाम दिसेपर्यंत विमान खाली यायला लागलेलं असतं. म्हणजे पुन्हा नाकच आधी. दुसरी उसळी पहिलीपेक्षा मोठी होती. तिसऱ्यांदा चाक गेलं. याला पॉरपॉइझिंग म्हणतात. हा शब्द परीक्षेत मी बरोबर लिहिला होता.

म्हणून एवढं पक्कं करा: मोठी उसळी आली की योकशी झुंजायचं नाही. पूर्ण थ्रॉटल, कार्ब हीट (कार्बोरेटरला दिलेली गरम हवा) बंद, नाक सावरून गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. फ्लॅप आधी २० अंशांवर, वेग ५५ नॉट धरल्यावर बाकीचे हळूहळू. खरं तर फायनलवर वेग बसला नाही तेव्हाच परत वर जायचं. मी गेले नाही, कारण खालून सगळे बघत होते. गो-अराउंड घेतला तर लँडिंग जमत नाही असं वाटेल, ही लाज मला वेगापेक्षा मोठी वाटली.

जबाब लिहिताना तेही लिहिलं. तुम्हीही काही लपवू नका. आपल्याकडे एएआयबीचा (विमान अपघात तपास ब्यूरो) तपास पुढचे अपघात टळावेत म्हणून असतो, दोष ठरवायला नाही.

पुन्हा उडाले तेव्हा शिकवणारे सर शेजारी बसले. त्या दिवशी सहा सर्किट (धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) झाले आणि पाच वेळा त्यांनी चाकं टेकूच दिली नाहीत. धावपट्टीच्या वर आलो की म्हणायचे, "चल, वर."