स्वस्त खेळण्यातून विज्ञानकथेतील युद्धवाहन

टेबलावर छोट्या पुतळ्यांनी खेळायच्या युद्धखेळासाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली प्लॅस्टिकची स्वस्त खेळण्यातली गाडी निवडताना २८ मिलिमीटर मापाचा सैनिकाचा पुतळा सोबत न्यावा आणि गाडीचे दार त्याच्या उंचीला शोभत असेल, तरच ती घ्यावी. चाके काढून बाटल्यांची झाकणे व संपलेल्या पेनांच्या नळ्या चिकटवल्या की तिचे तरंगते चिलखती वाहन होते. माझ्या मते खरे कसब मात्र रंगापूर्वीच्या तयारीत आहे: साच्यातून आलेला तेलकट थर साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा, चकचकीत पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने घासावा आणि मगच प्रायमरचे, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी लावायच्या अस्तराचे, पातळ थर द्यावेत. गोव्याच्या पावसाळी दमट हवेत स्प्रेचा प्रायमर पांढुरका पडू शकतो, म्हणून तेव्हा ब्रशने लावायचाच वापरावा. मऊ, वाकणाऱ्या प्लॅस्टिकवर काही स्प्रे वाळतच नाहीत, चिकट राहतात. तळाशी आधी चाचणी घ्यावी.